आत्याला डिमेन्शियाच्या निवासी केंद्रात ठेवून आठ महिने झाले: आमचा अनुभव

केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तक्रारीही लिहिणार आहे, आणि आत्या अजून तिथेच राहते. बोरिवलीत आहे, एवढं पुरे.

आत्या ७८ वर्षांची. केईएममध्ये नर्स होती. लग्न केलं नाही, आम्हा भावंडांना तिनेच वाढवलं. अल्झायमरचं, म्हणजे स्मरणशक्ती आणि समज हळूहळू जाणाऱ्या डिमेन्शियाच्याच एका प्रकाराचं, निदान झालं तेव्हा आम्ही लालबागच्या चाळीत होतो आणि खरं सांगते, तिथे निभावत होतं. गॅलरीत सगळ्यांची दारं उघडी. ती जिन्याकडे वळली की कुणीतरी "सिस्टर, कुठं निघालात?" म्हणत हाताला धरून परत आणायचं. मग चाळ पुनर्विकासाला गेली, मधली वर्षं भाड्याच्या घरात काढली आणि शेवटी टॉवरच्या एकोणिसाव्या मजल्यावर आलो. बाहेर पाऊल टाकलं की बंद दारं आणि लिफ्ट. ते घर तिला आपलं वाटलंच नाही. ब्युरोच्या चार बाया बदलल्या. गेल्या गणपतीत बाई स्वयंपाकघरात असताना ती खाली उतरली आणि त्या गर्दीत दीड तास सापडली नाही. चिंचपोकळीच्या पुलाजवळ एका मंडळाच्या मुलांनी तिला खुर्चीवर बसवून पाणी दिलं होतं. त्या रात्री मी आणि दादाने ठरवलं.

साध्या वृद्धाश्रमांत पहिला प्रश्न असतो, "स्वतःचं स्वतः करतात ना?" डिमेन्शिया म्हटलं की पाच ठिकाणी सरळ नकार आला. जिथे घेतात तिथे बघायला सकाळी अकराला बोलावतात. तेव्हा फरशी पुसलेली असते, सगळे आंघोळी करून बसलेले असतात. पण या आजारात घालमेल वाढते ती दिवस मावळताना. डॉक्टर त्याला सनडाउनिंग म्हणतात. म्हणून माझं कळकळीचं सांगणं: केंद्र बघायला संध्याकाळी साडेसहाला जा, आणि न कळवता जा. एका ठिकाणी त्या वेळी मी दोन आजींना ओढणीने खुर्चीला बांधलेलं पाहिलं. सकाळी तिथलीच बाग दाखवली होती. आम्ही निवडलेल्या केंद्रात अंधार पडायच्या आधीच दिवे लागलेले होते, टीव्ही बंद होता, चारपाच जणी मेथी निवडत होत्या. एक आजोबा "घरी सोडा" म्हणत रडत येरझारा घालत होते आणि एक मुलगी त्यांना न अडवता शेजारून चालत होती. ते पाहून मी होकार दिला. रात्री बावीस जणांमागे तीन माणसं असतात, तेही विचारून घेतलं.

कागदपत्रांत आमचा उशीर नडला. आत्याने दादाला मुखत्यारपत्र दिलं होतं, त्यावर आम्ही निर्धास्त होतो. वकिलाने सांगितलं की १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, देणाऱ्याची समज गेली की साधं मुखत्यारपत्र संपतं. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. आमचं बँक खातं जोडनावावर होतं म्हणून वाचलो. निदान नवं असेल, माणूस स्वतः समजून सही करू शकत असेल, तर जोडखात्यासारखी कागदपत्रांची कामं आजच करा.

खर्च: अनामत दीड लाख, महिना ४८,०००. डायपर, औषधं, डॉक्टर वेगळे. घरी दोन पाळ्यांच्या बाया ठेवूनही जवळपास तेवढंच जात होतं.

नेताना आम्ही "राहायला" हा शब्द काढला नाही. तिची गोधडी, गादीशेजारचा स्टीलचा तांब्या आणि नर्सचं उलटं लावायचं घड्याळ आदल्या दिवशीच तिथे नेऊन ठेवलं. घरी ती भिंतीकडे तोंड करून झोपते, तशीच खाट लावून घेतली. केंद्राने पंधरा दिवस भेटायला येऊ नका सांगितलं होतं. मी चौथ्या दिवशी गेले आणि ते बरोबर केलं असं अजूनही वाटतं. ती जेवत नव्हती. भरवणाऱ्या मुलीला मी सांगितलं की तिला आधी ताक लागतं. एवढ्याशा गोष्टीने ताट संपलं. घरचं जे माहीत असतं ते फॉर्मवर लिहायला जागाच नसते. मी मग दोन पानं हाताने लिहून खाटेजवळ चिकटवली.

आता ती समजते की आपण ड्युटीवर आहोत. संध्याकाळी खाटाखाटांवरून फिरते, नाडी बघते. तिथल्या मुलींनी तिला एक जुनी फाइल आणि पेन्सिल दिली आहे. ती आकडे लिहिते आणि सात वाजता थकून शांत बसते. फेब्रुवारीत एकदा मी तिचे केस विंचरत होते, तर म्हणाली, "भेटीची वेळ संपली. पेशंटला आराम करू द्या." मी उठले. लोकलमध्ये दादरपर्यंत रडले, पण तिचा आवाज पूर्वीसारखा ठाम होता, तोही कानात राहिला.

तक्रारी दोन. कपड्यांची अदलाबदल होते. नाव शिवूनही तिच्या अंगावर दुसऱ्याच कुणाचा गाऊन असतो, आणि आयुष्यभर कडक इस्त्रीत राहिलेल्या बाईला तसं बघवत नाही. दुसरी मोठी. एप्रिलमध्ये ती अचानक कुणालाच ओळखेना, झोपूनच राहिली. "आजार वाढलाय" म्हणून तीन दिवस घालवले. मी हट्टाने लघवीची तपासणी करायला लावली, तर संसर्ग निघाला. या वयात संसर्गाने एकाएकी असा गोंधळ उडतो. अँटिबायोटिकने आठवड्यात ती पुन्हा फाइल घेऊन फिरू लागली. केंद्राने चूक मान्य केली आणि आता असा बदल दिसला की त्याच दिवशी फोन येतो. जूनमध्ये बाथरूममध्ये घसरली तेव्हा दहा मिनिटांत आला होता.

करार अकरा महिन्यांचा आहे. पुढेही तिथेच ठेवतोय. मंगळवारी दादा जातो, शनिवारी मी. संध्याकाळचीच वेळ ठेवली आहे.