‘राष्ट्रीय’ कबड्डी स्पर्धेचे प्रमाणपत्र : पालकांनी सावध राहावे म्हणून

माझी मुलगी दहावीत असून पाचवीपासून शाळेच्या संघातून कबड्डी खेळते. गेल्या वर्षी आमच्या तालुक्याच्या गावी एका गृहस्थांनी राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड चाचणी ठेवली. चाचणीला आलेल्या सर्वच मुलींची निवड झाली आणि प्रवास, निवास, किट व प्रवेश शुल्क मिळून प्रत्येकीमागे साडेसहा हजार रुपये मागण्यात आले. पालकांच्या बैठकीत गृहस्थ कबड्डीविषयी फारसे बोललेच नाहीत. त्यांचा सगळा भर दहावीत खेळाडूंना मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांवर आणि शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणावर होता. ज्या भागात घरटी एक मूल पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावते, तिथे नेमके काय विकले जाते हे त्यांना पक्के ठाऊक होते.

संस्था अधिकृत आहे का, असे आम्ही विचारले, तेव्हा त्यांनी फाइलच पुढे ठेवली. तीत संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खालील नोंदणीचे प्रमाणपत्र, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक आणि आयएसओचा म्हणजे गुणवत्ता मानकाचा कागद होता. हे कागद बनावट नव्हते, आणि सगळी मेख तिथेच आहे. सात जण एकत्र आले की संस्था नोंदवता येते, दर्पणचा क्रमांक स्वयंसेवी संस्थेने तिथे नाव नोंदवले की मिळतो. परंतु यांपैकी कोणत्याही कागदाने राज्याचा वा देशाचा संघ निवडण्याचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची मान्यता असलेला राष्ट्रीय महासंघ आणि त्याच्याशी संलग्न राज्य व जिल्हा संघटना लागतात. शालेय स्पर्धांचा मार्ग वेगळा असला, तरी तोही जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून जातो आणि तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढल्यावरच मूल राष्ट्रीय पातळीवर पोहोचते. एका दुपारच्या चाचणीतून थेट ‘महाराष्ट्र संघ’ तयार होत नाही.

स्पर्धा गोव्यात झाली. किशोरी गटात म्हणजे सोळा वर्षांखालील मुलींसाठी ५५ किलोची मर्यादा असते, पण तिथे वजनकाटाच नव्हता. मैदानावर बोनस रेषा, म्हणजे चढाईत जादा गुण मिळवण्यासाठीची रेषा, आखलेली नव्हती. ‘राजस्थान’ लिहिलेल्या जर्सीतल्या मुली चढाई करून परतल्यावर एकमेकींशी अस्सल कोल्हापुरी मराठीत बोलत होत्या. त्या शेजारच्याच जिल्ह्यातून आल्या होत्या, हे त्यांच्या पालकांनीच सांगितले. दोन सामने जिंकून आमच्या मुलींना सुवर्णपदक मिळाले. मुली मनापासून खेळल्या, एवढे मात्र खरे.

परतल्यावर लगेचच नेपाळमधील ‘आंतरराष्ट्रीय’ स्पर्धेसाठी प्रत्येकी बावीस हजारांची मागणी आली, आणि काही पालकांनी आगाऊ रक्कम त्या गृहस्थांच्या वैयक्तिक खात्यावर भरलीही. दरम्यान शाळेच्या क्रीडा शिक्षकांनी सवलतीच्या गुणांसाठी पाठवलेला प्रस्ताव, स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची नसल्यामुळे जिल्हा क्रीडा कार्यालयातून परत आला. नोकरीच्या वेळी तर अशा प्रमाणपत्रांची विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळणी होते. त्या टप्प्यावर हे उघड झाले असते, तर मुलीवरच खोटे प्रमाणपत्र सादर केल्याचा ठपका आला असता. पैशांपेक्षा ही शक्यता मला अधिक गंभीर वाटते.

आम्ही पोलीस ठाण्यात तक्रार अर्ज दिला आहे. स्पर्धा प्रत्यक्षात झाली, जेवण-निवास दिला, मग फसवणूक कसली, असा त्या गृहस्थांचा बचाव आहे. पावतीवर फक्त ‘सहभाग शुल्क’ असे छापलेले असल्याने आमची बाजू काहीशी लंगडी पडते. मात्र गुणांचे आणि आरक्षणाचे आश्वासन देणारे त्यांचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश आम्ही जपून ठेवले होते, ते अर्जासोबत जोडले आहेत. नेपाळसाठी पैसे भरलेल्या पालकांनी एकत्र जाऊन तगादा लावल्यावर त्यांची निम्मी रक्कम परत मिळाली. गोव्याच्या स्पर्धेचे पैसे अद्याप कोणालाही मिळालेले नाहीत.