बेडलिंग्टन टेरियर म्हणून पांढरे पिल्लू गळ्यात मारले

नवी मुंबईतील एका विक्रेत्याने बेडलिंग्टन टेरियर म्हणून आम्हाला कुत्र्याचे जे पिल्लू विकले, ते त्या जातीचे नव्हेच, असे ठाण्यातील पशुवैद्यांनी पहिल्याच तपासणीत सांगितले. आगाऊ 15,000, पिल्लू देताना 62,500 आणि वंशावळीच्या कागदांसाठी 8,400, असे 85,900 रुपये त्याने उकळले. कागद आजतागायत आलेले नाहीत.

जातीचा इतिहास मात्र त्याने चोख सांगितला. इंग्लंडमधील नॉर्थम्बरलँडच्या खाणकामगारांनी उंदीर-सशांच्या शिकारीसाठी पाळलेले हे कुत्रे पूर्वी रॉथबरी टेरियर म्हणून ओळखले जात, 1825 मध्ये जोसेफ एन्स्लीने आपल्या कुत्र्याला बेडलिंग्टन हे नाव दिले, आणि दिसायला कोकरासारखे असले तरी डिवचल्यावर ते माघार घेत नाही, यातले काहीच खोटे नव्हते. एवढी माहिती असलेल्या माणसावर कोणीही विश्वास ठेवला असता.

त्यानेच निळसर करडा, तपकिरी आणि वाळूसारखा हे रंग सांगितले, तेव्हाच मी उठायला हवे होते, कारण मांडीवरचे पिल्लू पांढरेशुभ्र होते. बेडलिंग्टनची पिल्ले जन्मतः काळी किंवा गडद तपकिरी असतात आणि वाढताना फिकट होतात. फोटोंत दिसतात ती मोठी, फिकट झालेली कुत्री. माझी नजर त्याने कानांच्या टोकांशी कात्रीने राखलेल्या गोंड्यांवर आणि कमानदार पाठीवर खिळवली. ती कमान जंतांमुळे पोट दुखत असल्याची निघाली.

या जातीत यकृतात तांबे साठण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. आईवडिलांच्या डीएनए चाचणीचा अहवाल मागा, पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहा.

ठाणे शहरातील पोलिसांनी व्यवहार नवी मुंबईतला म्हणून तिकडे धाडले. तिकडे पैसे ठाण्यातील खात्यातून गेल्याचे कारण पुढे केले, आणि वर 'कुत्रा तर मिळाला ना?' असे विचारले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता घ्यावी लागते, हे मला त्यांना सांगावे लागले, तरीही नुसत्या अर्जावर शिक्का मारून बोळवण झाली. ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, असे 2017 चे केंद्रीय नियम सांगतात. ती नोंदणी तपासायला कोणी जातच नसेल, तर ग्राहकाने दाद कोणाकडे मागायची?

कागद 'मागाहून' मिळतील म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. पिल्लाच्या कातडीखालील मायक्रोचिपचा क्रमांक कुत्र्यांची वंशावळ नोंदवणाऱ्या केनेल क्लबच्या कागदाशी तिथल्या तिथे जुळवून घ्या. ग्राहक आयोगात तक्रारदार राहतो तिथेही तक्रार करता येते, म्हणून मी ती ठाणे शहरात दाखल केली आहे. आणखी कोणाला असे पांढरे 'बेडलिंग्टन' विकले गेले असेल, तर त्यांनी पावत्या आणि व्हॉट्सॲपवरील संभाषण पुसू नये.