एका सहीपायी आठ महिने: अमेरिकेतल्या मालकाकडून टाइमशेअर रिसेलमध्ये घेतल्याचा अनुभव

टाइमशेअर म्हणजे क्लबच्या रिसॉर्टमध्ये दरवर्षी एक आठवडा राहायचा हक्क; तो मी जुन्या मालकाकडून, म्हणजे रिसेलमध्ये घेतला. परवा त्या क्लबचा मेल आला. २०२४-२५ चा आठवडा बाद झाला तो झाला, पुढच्या वर्षात ओढता येणार नाही. एक आठवडा म्हणजे माझ्या हिशेबाने १७,१४५ रुपये. त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून हे लिहायला बसले. मेंबरशिप नावावर होऊन सात महिने झाले, दोन सहली झाल्या, तेव्हा आता बोलायला हरकत नाही. गर्दीप्रमाणे पाडलेले सीझनचे रंग, स्टुडिओ की वन बेडरूम, एएसएफ (क्लबची दरवर्षीची फी) कशाला म्हणतात, हे या वाटेला जाणाऱ्याला माहीत असतंच. त्यात शिरत नाही. विकणारा परदेशात असला की कागद कुठे अडतो, ते सांगायचंय. आमचा अडला एका सहीवर.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे हिशेब बघते. हिशेब केल्याशिवाय मी भाजीसुद्धा घेत नाही. नव्या मेंबरशिपला पुण्यातल्या सेल्सवाल्याने सव्वापाच लाख सांगितले होते. त्याच क्लबची, वन बेडरूमची, फेब्रुवारी २०१० ते जानेवारी २०३५ अशी जुनी मेंबरशिप ओळखीतून १,६५,००० ला मिळत होती. मालक मूळचे आमच्या सोलापूरचेच, रेल्वे लाइन्सचे. विमा खात्यातून निवृत्त होऊन २०१५ पासून मुलाकडे टेक्सासात प्लेनोला असतात. मी त्यांना काका म्हणते. २०२४ च्या दिवाळीनंतर बोलणं झालं तेव्हा त्या वर्षाचा न वापरलेला एक आणि पुढचे दहा असे अकरा आठवडे शिल्लक होते. ट्रान्सफर फी २० हजार, तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३,६००. एकूण १,८८,६००, भागिले अकरा, १७,१४५. वर दरवर्षीचा एएसएफ जीएसटीसकट २४,७८०. सात रात्रींना वाटला तर एक रात्र सहा हजारांच्या आत पडते, आणि त्यात चौघं राहतात. ह्यांचं म्हणणं होतं, "कशाला नसता नाद करायलीस?" पण आकडा मला पटला होता. वीस हजार टोकन दिलं, बाकीचे पैसे ट्रान्सफरचं पत्र हातात आल्यावर, असं दोघांनी कागदावर लिहून घेतलं. पूर्ण प्रकरणात मी केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच.

डिसेंबरात काकांनी प्लेनोतल्या बँकेत नोटरीसमोर फॉर्मवर सही केली, पुतण्याच्या नावाने कुलमुखत्यारपत्र केलं आणि स्कॅन पाठवलं. क्लब म्हणाला, स्कॅन चालणार नाही, मूळ प्रत हवी आणि तिला अपोस्टील हवं. हा शब्द मी तोवर ऐकला नव्हता. १९६१ च्या हेग कराराप्रमाणे एका सदस्य देशातला कागद दुसऱ्या सदस्य देशात मानायचा तर त्यावर हा शिक्का लागतो. भारत २००५ पासून त्या करारात आहे, अमेरिका त्याच्या कितीतरी आधीपासून, कॅनडा मात्र जानेवारी २०२४ मध्ये आला. अमेरिकेत राज्यातल्या नोटरीचा कागद असेल तर त्याच राज्याकडून अपोस्टील घ्यायचं असतं. काकांनी आधी तो वॉशिंग्टनला पाठवायची तयारी केली होती, सुदैवाने त्यांच्या सुनेने थांबवलं. टेक्सासचं काम ऑस्टिनला, सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात होतं. फी १५ डॉलर, पण टपालाने जायचं, टपालाने यायचं, मग तिथून कुरिअरने सोलापूर. पाकीट आलं तेव्हा जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा भरात होती. नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे रस्ते बंद, कुरिअरवाल्या पोराने फोन करून मला सात रस्ता चौकात बोलावलं आणि मी पाकीट हातात घेऊन चालत घरी आले. काम झालंच असं वाटलं होतं.

कुलमुखत्यारपत्र परदेशात झालेलं असलं तर ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्याला इथलं मुद्रांक शुल्क लावून घ्यावं लागतं. पुतण्याने ते मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात दोन खेपांत करून आणलं. तिथे आम्हाला काही त्रास झाला नाही.

फेब्रुवारीत क्लबचं उत्तर आलं: मेंबरची सही आमच्या नोंदीशी जुळत नाही, अर्ज परत.

आता इथे नीट लक्ष द्या. २०१० साली फॉर्म भरला तेव्हा काका मराठीत सही करत होते. नोकरीत सगळी कागदपत्रं मराठी सहीने. पॅन कार्डावर मराठी, बँकेत मराठी. अमेरिकेला गेल्यावर तिथल्या लायसन्सवर इंग्रजी सही झाली आणि नूतनीकरण केलेल्या पासपोर्टवरही तीच आली. नोटरी समोरच्या ओळखपत्राशी सही ताडून बघतो, म्हणून त्याच्यासमोर इंग्रजीच करावी लागली. क्लबला हवी मराठी, नोटरीला हवी इंग्रजी. सही बँकेकडून पडताळून आणा असंही क्लबने सुचवलं, पण बँकेत काकांचं खातं दोन वर्षांहून जास्त काळ व्यवहार नसल्यामुळे निष्क्रिय झालेलं. ते चालू करायला केवायसी, आणि केवायसीच्या फॉर्मवर पुन्हा सही.

तेव्हा मी काकांवर मनापासून चिडले होते. कारखान्यात जेवायच्या सुट्टीत मी वहीत लिहून ठेवलं होतं की परदेशातल्या माणसाकडून काही घेऊ नये, त्यांना घाई नसते, पैसे आपले अडकतात. आज ते वाक्य मी खोडते. माझी समजूत मार्चच्या पहिल्या रविवारी बदलली.

सकाळचे साडेसात, त्यांच्याकडे शनिवारी रात्रीचे आठ. मी २०१० च्या फॉर्मवरची सही झेरॉक्सच्या दुकानातून दीड वीत मोठी करून आणली होती आणि व्हिडिओ कॉलवर कॅमेऱ्यासमोर धरली. काका टेबलाशी रेघांचा कागद घेऊन बसले होते. पहिल्या अक्षराची वेलांटी जमेना. हात आपोआप इंग्रजी वळणावर जायचा. दहाव्या-बाराव्या वेळी शिरोरेघ बरोबर आली, पण काहीतरी कमी वाटत होतं आणि काय ते मला सांगता येईना. मागून काकूंचा आवाज आला, "अहो, तुम्ही खाली दोन टिंबं द्यायचा की वो." काकांनी टिंबं दिली. कागद कॅमेऱ्याजवळ आणला. ती सही तीच होती. काका बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. म्हणाले, दहा वर्षांत मराठीत स्वतःचं नाव लिहायची वेळच आली नव्हती. त्यानंतर मी त्यांना एकदाही घाईचा मेसेज केला नाही.

तोडगा आमच्या नवी पेठेतल्या सीएंनी सुचवला. एकच प्रतिज्ञापत्र करायचं: पूर्वीची माझी मराठी सही ही, सध्याची इंग्रजी सही ही, दोन्ही माझ्याच. दोन्ही सह्या एकाखाली एक करायच्या, सोबत पॅन आणि पासपोर्टच्या प्रती जोडायच्या. मग पुन्हा नोटरी, पुन्हा ऑस्टिन, पुन्हा कुरिअर. क्लबने हे पहिल्या मेलमध्ये सांगितलं असतं तर चार महिने वाचले असते. सही जुळत नाही एवढंच लिहून त्यांनी अर्ज परत केला. पुढे काय करायचं याची एक ओळही नव्हती, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. कोणी परदेशातल्या माणसाकडून घेणार असेल तर टोकन द्यायच्याही आधी मूळ फॉर्मची प्रत मागवा आणि त्यावरची सही आजच्या सहीशेजारी ठेवून बघा.

मे महिना पॅनमध्ये गेला. काका अनिवासी आहेत हे आयकर खात्याच्या नोंदीत कधी कळवलंच गेलं नव्हतं. त्यामुळे आधारशी जोडलेलं नाही म्हणून जुलै २०२३ पासून त्यांचं पॅन निष्क्रिय पडलेलं होतं. खरं म्हणजे अनिवासींना ती जोडणी लागत नाही, पण तशी नोंद असावी लागते. विकणारा अनिवासी असला की आयकर कायद्याप्रमाणे पैसे देणाऱ्यानेच टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कर कापायचा, विचार करायचा असतो, आणि पॅन चालू नसेल तर दर चढतो. काकांनी ३,४०,००० ला घेतलेली मेंबरशिप ते १,६५,००० ला विकत होते, त्यांना नफा काहीच नव्हता. सीएंनी जुन्या पावत्या लावून तसं लिहून दिलं. पैसे काकांच्या एनआरओ खात्यात (अनिवासींचं भारतातलं रुपयांचं खातं) टाकायचे ठरले, म्हणून ते जुनं बचत खातंही बदलून घ्यावं लागलं. त्यावर मराठी सहीच चालली, आणि ती आता काकांना जमत होती.

एक फेब्रुवारीला नव्या वर्षाचा एएसएफ लागू झाला होता, २४,७८०. आमच्या कागदात हस्तांतरणापर्यंतची देणी विकणाऱ्याची, असं होतं, पण आठवडा तर मीच वापरणार होते. मी निम्मे देते म्हणाले. काकांनी न सांगताच सगळे भरले आणि पावती मला पाठवली. "उशीर माझ्या सहीमुळे झालाय," एवढंच लिहिलं होतं. इतक्या वर्षांत हिशेबाच्या कामात समोरच्याने स्वतःहून जास्त भरल्याचं मी फार थोड्या वेळा पाहिलंय.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पत्र आलं. त्याच दिवशी उरलेले पैसे पाठवले.

वापराबद्दल थोडक्यात. ऑक्टोबरात गोव्याला गेलो. जून २०२५ पासून सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालंय, त्यामुळे सासूबाईंना रात्रभर गाडीत बसवावं लागलं नाही. उतरायचं उत्तर गोव्यातल्या मोपाला, तिथून दक्षिण गोवा टॅक्सीने लांब पडतं, तो खर्च धरून ठेवा. खोली स्वच्छ होती, स्वयंपाकघरात गॅस, कुकर होता, मी शेंगा चटणी आणि कडक भाकरी नेली होती, सकाळचं खाणं त्यावरच भागलं. जानेवारीत महाबळेश्वरला तीन रात्री काढल्या. बुकिंग मात्र सुट्ट्यांच्या दिवसांत मिळत नाही, चार महिने आधी बघावं लागतं. रिसेलवाल्याला वेगळं वागवतात असं ऐकलं होतं, आम्हाला तसा अनुभव आला नाही.

राहता राहिला तो आठवडा. २०२४-२५ चा आठवडा पुढे ओढायचा तर ३१ जानेवारीच्या आत मेंबरने अर्ज करायचा असतो. आमचा ट्रान्सफरचा अर्ज डिसेंबरात त्यांच्याकडे गेला आणि त्या दिवसापासून त्यांनीच खातं गोठवलं. काकांना लॉगिन होत नव्हतं, माझं नाव लागलेलं नव्हतं. दोघांपैकी कोणी अर्ज करायचा होता? ट्रान्सफरचा फॉर्म द्यायच्या आधी चालू आठवडा ओढून घ्या किंवा बुक करून टाका, हे मला कोणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगतेय. पाचपैकी खोलीला चार देते, कागदपत्रांच्या कामाला एक.

काल मी क्लबला पुन्हा लिहिलंय. खातं गोठवल्याची तारीख, लॉगिन होत नसल्याचे काकांच्या फोनवरचे फोटो आणि ३१ जानेवारीच्या आधी मी केलेले दोन मेल जोडलेत. या वेळी खाली दोन सह्या आहेत, माझी आणि काकांची. काकांनी मराठीत केलीय, टिंबांसकट.