टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन की वजन उतरवणं?

लैंगिक इच्छा कमी झाली म्हणून थेट इंजेक्शनकडे धावू नका. आधी सकाळी 7 ते 10च्या दरम्यान, उपाशीपोटी, दोन वेगळ्या दिवशी रक्तातलं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) तपासा. संध्याकाळी ते एरवीही उतरलेलं असतं. दोन्ही वेळा 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आलं, तरच पुढचा विचार.

इंजेक्शनने इच्छा काही आठवड्यांत सुधारू शकते. पण मेंदूकडून वृषणांना मिळणारा एलएच-एफएसएच या हार्मोन्सचा इशारा दबतो. शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. मूल हवं असेल तर हा मार्ग नकोच. रक्तही दाटतं, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) 54 टक्क्यांपलीकडे गेलं की डोस थांबवावा लागतो.

पोट सुटलेल्यांनी आधी वजनच उतरवावं. चरबीतलं अरोमाटेज हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन (स्त्री हार्मोन) करतं. महिने लागतात, टेस्टोस्टेरॉनची वाढ माफक असते, पण शुक्राणूंना धक्का लागत नाही.