मिलान की बोलोन्या? इटलीत मास्टर्सला निघालेल्यांसाठी

मार्च-एप्रिल आला की ज्युनिअर पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, ताई दोन्हीकडून ऑफर आलीय, मिलान घेऊ की बोलोन्या, आणि खाली रँकिंगचे चार स्क्रीनशॉट. माझं मास्टर्स बोलोन्याचं, शेवटचे सहा महिने इंटर्नशिपसाठी मिलानला काढले, त्यामुळे दोन्हीकडच्या घरमालकांशी भांडून झालंय. म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

रँकिंगचं सांगायचं तर मिलानचं पोलितेक्निको १८६३ चं, इंजिनिअरिंग-आर्किटेक्चर-डिझाइन असेल तर तिथे डोळे मिटून जा, त्यात चर्चा करण्यासारखं काही नाही. बोलोन्याची युनिव्हर्सिटी १०८८ पासूनची मानतात, पश्चिमेकडची सगळ्यात जुनी, पण त्या १०८८ ने तुमचं भाडं भरलं जात नाही. इकॉनॉमिक्स, डेटा, फार्मसी, पॉलिटिकल सायन्स असलं काही असेल आणि दोन्हीकडे मिळालं असेल, तरच पुढचं वाचा.

आधी खोली. मिलानमध्ये सिंगल रूम ६५० ते ८०० युरो धरून चला, दोघांत एक खोली घेतली तर माणशी चारशेच्या आसपास. पाणी इतकं डोक्यावरून गेलं होतं की मे २०२३ मध्ये पोलितेक्निकोच्या बाहेर मुलांनी तंबू ठोकून आंदोलन केलं होतं. बोलोन्यात आकडा कमी दिसतो, ४५० ते ६००, आणि आपण इथून बघून खूश होतो की चला वाचले दोनशे युरो, पण तिथे प्रॉब्लेम भाड्याचा नाहीये, खोलीच नसते. चारेक लाखांचं शहर आणि युनिव्हर्सिटीत ऐंशी हजारांवर विद्यार्थी. (अर्थात सगळे शहरात नसतात, रिमिनी, फोर्ली, चेझेना, राव्हेन्नालाही कॅम्पस आहेत, तेव्हा ऑफर लेटरवर तुमचा कोर्स नक्की कुठल्या गावात आहे ते बघा, माझ्या ओळखीची एक मुलगी बोलोन्यात रूम शोधत बसली होती आणि तिचा कोर्स निघाला रिमिनीला, ट्रेनने तासाभरावर.) मी पहिले पाच आठवडे होस्टेलच्या सहा बेडच्या खोलीत काढले, सुटकेस उघडी टाकून, रोज संध्याकाळी फोन लावायचे आणि पलीकडून ऐकायचे, फक्त इटालियन मुली, फक्त नोकरीवाले, फक्त सोमवार ते शुक्रवार. फक्त सोमवार ते शुक्रवार म्हणजे शनिवार-रविवारी मी कुठे जायचं? तेव्हा फार राग यायचा, आता हसू येतं.

मिलानमध्ये महाग का होईना, दोन आठवड्यांत खोली मिळाली. हा फरक लक्षात ठेवा.

आणि खोली मिळाली की काँट्रॅक्ट रजिस्टर केलेलं आहे का ते विचारा, लाजू नका. घरमालक ५० युरो कमी करतो म्हणून बिनकागदाचं राहायला गेलात तर स्कॉलरशिपमध्ये तुम्ही बाहेरगावचे विद्यार्थी धरलेच जात नाही, रक्कम हजारोंनी कमी होते. ५० च्या नादात हजारो घालवणारे मी डोळ्यांनी बघितलेत.

आता पैसे, कारण खरा निर्णय इथे होतो. दोन्हीकडे सरकारी युनिव्हर्सिटीची फी घरच्या उत्पन्नावर ठरते, त्या हिशोबाला इझे म्हणतात, आणि परदेशी मुलांसाठी त्याचाच एक वेगळा प्रकार असतो. उत्पन्न कमी निघालं तर फी माफ किंवा जवळपास माफ, वर प्रदेशाची स्कॉलरशिप, वर्षाला साधारण सहा-सात हजार युरो, त्यातला काही भाग मेसच्या किंवा खोलीच्या रूपात. बोलोन्यात हे सगळं एरगो नावाची एकच संस्था बघते, अख्ख्या एमिलिया-रोमान्या प्रदेशासाठी. मिलान लोम्बार्दीत, तिथे प्रत्येक युनिव्हर्सिटीचा आपापला फॉर्म, आपापल्या तारखा. मला एरगोचं काम सोपं गेलं, म्हणजे त्यातल्या त्यात. पहिल्या वर्षी ठरलेले क्रेडिट्स काढले नाहीत तर पैसे परत मागतात, हे मात्र कोणीच आधी सांगत नाही.

इझेला लागणारे कागद म्हणजे घरातल्या सगळ्यांचं वर्षभराचं उत्पन्न, बँकेतली शिल्लक, आणि घर किती चौरस मीटरचं. इथे आमची गंमत झाली. बाबांनी हौसेने सातबारा काढून पाठवला, मी म्हटलं बाबा जमीन नको, घराचा कागद हवाय, तर म्हणाले घर आजोबांच्या नावावर, चार चुलत्यांत, आणि आपला वाटा दोन खण. खण म्हणजे किती मीटर हे इटलीतल्या ऑफिसातल्या बाईला मी काय सांगणार! शेवटी ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढला, त्यावर चौरस फूट होते, ते मीटरमध्ये केले, मग मंत्रालयातून अटेस्टेशन, परराष्ट्र खात्याचा अपॉस्टिलचा शिक्का, इटालियन भाषांतर, दीड महिना गेला. परदेशातलं घर ते सरसकट ५०० युरो चौरस मीटरने धरतात, कोथरूडचा फ्लॅट असो नाहीतर गावचा पडका वाडा, भाव एकच. म्हणजे पुण्या-मुंबईवाल्यांचा फायदा आणि मोठ्या वाड्यावाल्यांचं नुकसान, काय बोलणार.

पार्टटाइम कामाला स्टुडंट परमिटवर, म्हणजे इटलीत राहायच्या परवान्यावर, आठवड्याला २० तास परवानगी आहे, पण बोलोन्यात काम म्हणजे कॅफे, रेस्टॉरंट, आणि तिथे इटालियन लागतंच. मिलानमध्ये इंग्लिशवर निदान इंटर्नशिप मिळते, ऑफिसात लोक इंग्लिश बोलतात, सुपरमार्केटातही कोणीतरी भेटतं. बोलोन्यात माझी घरमालकीण, सत्तरीची बाई, तिला इंग्लिशचा एक शब्द येत नव्हता, गॅस कसा बंद करायचा ते तिने मला खुणा करून शिकवलं आणि तीन महिन्यांनी मी तिच्याशी वीजबिलावरून इटालियनमध्ये वाद घालत होते. मिलानमध्ये राहिलेले माझे मित्र दोन वर्षांनीही कॉफी मागण्यापलीकडे गेले नाहीत. ज्याला इटलीतच नोकरी करायचीय त्याने याचा विचार करावा, ज्याला डिग्री घेऊन जर्मनीला पळायचंय त्याने करू नये.

आता सगळ्यांचा आवडता विषय, युरोप फिरणं. देशाबाहेर पडायला मिलान सरस, तीन एअरपोर्ट आहेत, बर्गामोवरून स्वस्त फ्लाइट्स, झुरिकला थेट ट्रेन साडेतीन तासांच्या आत, वाटेत ५७ किलोमीटरचा गोटहार्डचा बोगदा. रविवारी सकाळी उठून साध्या लोकल ट्रेनने तासाभरात कोमोच्या तळ्यावर. पण इटली बघायचीय तर बोलोन्याला तोड नाही, ते म्हणजे आपलं मनमाड समजा, सगळ्या गाड्या तिथूनच जातात. फ्लोरेन्स फास्ट ट्रेनने ४० मिनिटांच्या आत, व्हेनिस दीड तास, रोम दोन-सव्वादोन, आणि फेरारा, मोदेना तर पॅसेंजरने अर्ध्या तासात, तिकीट वडापावच्या नाही पण पिझ्झाच्या भावात. म्युनिकलाही थेट गाडी आहे, आल्प्स ओलांडून जाते, तिकीट लवकर काढलं तर परवडतं. फक्त संपाची तारीख बघून निघा, आणि संप शुक्रवारीच का असतो हे विचारू नका. संपातही लोकल गाड्या सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ चालतात, त्या वेळा पाठ करून ठेवा.

पण फिरण्याचा खरा मालक शहर नाही, परमिट आहे. इटलीत उतरल्यापासून आठ कामाच्या दिवसांत पोस्टातून परमिटचा अर्ज टाकायचा, सगळे मिळून ११५-१२० युरो जातात, एक पावती मिळते आणि बोटांच्या ठशांची तारीख, जी माझ्या बाबतीत चार महिन्यांनंतरची होती. व्हिसा चालू आहे तोवर शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, फिरता येतं. व्हिसा संपला, परमिट रिन्यूला टाकलं आणि हातात फक्त पावती राहिली, की इटलीबाहेरच्या शेंगेन देशात जायचं नाही. दुसऱ्या वर्षी माझं प्रागचं तिकीट याच्यात गेलं. आणि अशा पावतीवर घरी यायचं असेल तर मुंबईचं तिकीट फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे काढू नका, दोहा-दुबईमार्गे काढा, मधे दुसरा शेंगेन देश येता कामा नये. लंडन आणि डब्लिनला तर वेगळाच व्हिसा लागतो, शेंगेनचाच व्हिसा तिथेही चालेल म्हणून निघू नका.

परीक्षा दोन्हीकडे सारख्याच. तीसपैकी मार्क, १८ ला पास, बऱ्याचशा तोंडी, प्रोफेसरसमोर बसून. कमी मार्क दिले तर नको म्हणता येतं आणि पुढच्या तारखेला परत देता येते, मला पहिल्यांदा २१ मिळाले तेव्हा मी घाबरून घेऊन टाकले, तुम्ही घेऊ नका. बोलोन्यात असीनेल्ली मनोऱ्यावर डिग्रीआधी चढलं की डिग्री मिळत नाही असं मानतात, मी नाही चढले, कशाला रिस्क. शेजारचा तिरका गारिसेंदा ऑक्टोबर २०२३ पासून धोका म्हणून कठडे लावून बंद केलाय.

शाकाहारी असाल तर बोलोन्यात जरा जपून, पियादिनाच्या पोळीत डुकराची चरबी असू शकते, पार्मेजानो चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट असतंच. डाळ-तांदूळ-कोथिंबीर बांगलादेशी दुकानात गल्लोगल्ली मिळतं. आणि कधी घरच्यासारखं जेवावंसं वाटलं तर रेज्जो एमिलियाजवळ नोव्हेल्लाराला मोठा गुरुद्वारा आहे, त्या भागातल्या गोठ्यांवर पंजाबी लोकांनी किती वर्षं काम केलंय, लंगरमध्ये बसलं की कळतं.

तर घरून महिन्याला हजार-अकराशे युरो येणार असतील, इंटर्नशिप हवी असेल, इटालियन शिकायचा कंटाळा असेल तर मिलान. स्कॉलरशिपवर सगळं अवलंबून असेल तर बोलोन्या, पण जूनपासूनच खोली शोधायला लागा आणि इथून पैसे पाठवून बुक करू नका, बघितल्याशिवाय डिपॉझिट मागणारे निम्मे चोर असतात. मला परत निवडायला सांगितलं तर मी बोलोन्याच घेईन, पण पहिल्या पाच आठवड्यांचं होस्टेल आधीच बुक करून. आणि तुमचं काहीही ठरो, ऑफर लेटर आलं त्याच दिवशी बाबांना ग्रामपंचायतीत पाठवा.