ऊन आणि अंगाची ऊब, दोन्हींवर चालणारं घड्याळ: पुण्यातले अकरा महिने

कनिष्ठ महाविद्यालयात मी २९ वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. थर्मोकपलचा, म्हणजे दोन धातूंच्या जोडांमधल्या तापमानाच्या फरकातून वीज मिळवण्याचा प्रयोग मला सगळ्यात आवडायचा. तांब्या-लोखंडाच्या तारांचा एक जोड बर्फात, दुसरा उकळत्या पाण्यात ठेवायचा. गॅल्व्हानोमीटरचा, म्हणजे बारीक विद्युतप्रवाह दाखवणाऱ्या यंत्राचा काटा हलला की मागच्या बाकावरची मुलंही पुढे यायची. शास्त्रज्ञ सीबेकला १८२१ मध्ये दिसलेली ही गोष्ट मनगटावर बांधता येते कळल्यावर राहवलं नाही. भाच्याने परदेशातून घड्याळ आणून दिलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, इथल्या दुकानांत ते मिळतही नाही.

काचेखाली सौर पट्टी आहे. पाठीला धातूची चकती, तिच्या आत बिस्मथ टेल्युराइड या तापमानाच्या फरकातून वीज देणाऱ्या पदार्थाचे बारीक खांब. मनगटाची कातडी साधारण ३३ अंशांवर, बाहेर गार हवा, या फरकातून वीज. मात्र बराचसा फरक कातडीत आणि घड्याळाभोवतीच्या हवेतच संपतो, खांबांच्या वाट्याला जेमतेम एक-दोन अंश येतात. ते तुटपुंजं व्होल्टेज आधी वाढवायचं आणि मगच लिथियम बॅटरीत भरायचं. किती वीज येते आहे ते पडद्यावर दिसतं, आणि मी रोज वहीत टिपते.

डिसेंबरात पहाटे वेताळ टेकडीवर १२ अंश होते. चालताना वारा लागत होता आणि उबेचा आकडा ४०० मायक्रोवॅटवर (मायक्रोवॅट म्हणजे वॅटचा दहा लाखावा भाग) गेला. इतका आनंद झाला की वाटेत थांबून शेजारणीला दाखवला. पण त्यासाठी स्वेटरची डावी बाही कोपरापर्यंत दुमडावी लागते. बाही खाली आली की घड्याळ उबेत बसतं, फरक मिटतो, उजेडही जातो. थंडीत हात उघडा ठेवायची तयारी हवी.

एप्रिलमध्ये उलट. दुपारी हवा ३९ अंशांवर, म्हणजे मनगटच घड्याळापेक्षा गार! उष्णता उलटी वाहते, या सर्किटला ती दिशा चालत नाही, आकडा शून्य. त्याच वेळी सौर पट्टी मात्र १२ मिलिवॅट, म्हणजे १२,००० मायक्रोवॅट देत होती, टेकडीवरच्या पहाटेच्या तीसपट. म्हणून खरं पोट उन्हाचंच भरतं, ऊब फक्त ऊन नसतानाचा आधार. एक चूक मी केली: घड्याळ गच्चीच्या कठड्यावर ठेवून आले. ४५ अंशांच्या वर बॅटरी चार्जिंग थांबवते, आणि ते योग्यच आहे. हातावरच बरं.

पावसाळा सगळ्यात कठीण. आभाळ भरलेलं, रेनकोटची बाही मनगटावर. जुलैत दोनदा चार्जिंगची केबल लावावी लागली. त्याउलट हिंजवडीत काम करणाऱ्या माझ्या सुनेने ते आठवडाभर वापरलं, तेव्हा २३ अंशांच्या एसीत उबेचा आकडा दिवसभर शंभराच्या वर राहिला. दिव्यांचा उजेड मात्र फारसा कामी आला नाही.

मोठी तक्रार आकाराची. ४७ मिलिमीटरची चकती माझ्या बारीक मनगटावर सपाट बसत नाही, एक कड उचललेली राहते आणि तेवढी ऊब वाया जाते. बायकांच्या हाताचा विचार करून लहान चकती काढायला हवी होती. पट्टा घट्ट ओढला की आकडा वाढतो, पण संध्याकाळी वळ उठतो. सर्व्हिसची सोय पुण्यात नाही.

वेळ, पावलं आणि नाडी एवढंच वापरलं तर ऑक्टोबर ते मे केबल लागली नाही. सिंहगडावर आतकरवाडीच्या वाटेने जाताना जीपीएस लावलं, तर दोन तासांत १८ टक्के उतरले. ते उन्हाने भरून यायला तीन-चार दिवस गेले. सेकोचं १९९८ चं थर्मिक हे घड्याळ नुसत्या अंगाच्या उबेवर चालायचं, कारण त्याला फक्त काटे फिरवायचे होते. या घड्याळाकडूनही तेवढ्याच बेताची कामं घ्यावीत.

रोज उघड्यावर तासभर चालणाऱ्यांनी जरूर घ्यावं. जीपीएस रोज लागत असेल तर नको. मी या डिसेंबरात पुन्हा बाही दुमडून निघणार आहे. पट्ट्याखाली मऊ रबराची पट्टी लावून उचललेली कड खाली बसते का, ते पाहायचंय.