मॅक्रोसाठी फ्लॅश: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यानंतर

मॅक्रोसाठी, म्हणजे बारीक गोष्टींचे अगदी जवळून फोटो काढण्यासाठी, गेल्या जूनमध्ये एक साधा मॅन्युअल फ्लॅश घेतला, पाच हजारांच्या आतला. टीटीएल (कॅमेऱ्याने स्वतः प्रकाश मोजून फ्लॅशची ताकद ठरवणं) नाही, हाय-स्पीड सिंक (फार वेगवान शटरलाही फ्लॅश चालणं) नाही, चार पेन्सिल सेलवर चालतो. कॅमेरा एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा), लेन्स 90 मिमी मॅक्रो, आणि विषय म्हणजे कीटक, कोळी, बेडूक आणि रानफुलं. ब्रँड सांगत नाही, कारण या किमतीतले बहुतेक फ्लॅश मॅक्रोसाठी सारखेच उपयोगी पडतात. मॅक्रोवाल्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो फ्लॅशचा फोटो प्लास्टिकसारखा दिसतो, दुसरा म्हणतो फ्लॅशशिवाय मॅक्रो होतच नाही. इतके महिने वापरून मला दोघांचंही अर्धंच पटतं.

आधी फ्लॅश लागतो कशाला ते बघू. 1:1 वर, म्हणजे विषय सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा, भिंगाचं छिद्र लहान करून एफ/11 ठेवलं तरी प्रत्यक्षात भिंगातून एफ/22 इतकाच प्रकाश आत येतो. एवढं करून फोकसमध्ये येणारी जाडी एक मिलिमीटरसुद्धा नसते. आता जुलैतलं ढगाळ रान, वर झाडांचं छत. तिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 1600 लाही शटर 1/8 सेकंदाच्या आसपास जातं. पानावरचा कोळी तेवढा वेळ थांबेल कदाचित, पण पान हलतं आणि आपला श्वासही चालू असतो. फ्लॅश पूर्ण ताकदीच्या 1/16 पॉवरवर ठेवला की त्याची चमक सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी वेळात संपते. शटर 1/200 असलं तरी हालचाल गोठवण्याचं काम खरं तर ती चमकच करते. ट्रायपॉडशिवाय, चिखलात गुडघे टेकून, उड्या मारणाऱ्या कोळ्याचे डोळे टाचणीच्या टोकासारखे शार्प येतात ते यामुळेच.

पण नुसता फ्लॅश लावून काढलेला फोटो खरोखरच वाईट दिसतो. चमकदार पाठीच्या भुंग्यावर पांढरा चट्टा येतो, त्याच्या खालची सावली काळीकुट्ट पडते. म्हणून पैसे फ्लॅशमध्ये कमी आणि वेळ डिफ्यूजरमध्ये (प्रकाश पसरवून मऊ करणाऱ्या पडद्यात) जास्त घालावा. माझा डिफ्यूजर घरीच केलेला आहे: पॅकिंगमधली पातळ पांढरी फोमशीट, आतून चांदीचा कागद चिकटवलेला पुठ्ठ्याचा बोगदा, आणि लेन्सच्या टोकापर्यंत पुढे झुकणारा पडदा. या लेन्समध्ये 1:1 ला विषय भिंगापासून जेमतेम 13-14 सेंटिमीटरवर असतो. तिथे 20 सेंटिमीटर रुंदीचा पडदा म्हणजे त्या भुंग्याच्या डोक्यावर पसरलेलं ढगाळ आकाशच. प्रकाश मऊ की कडक, हे तो सूर्याचा आहे की बॅटरीचा यावर ठरत नाही. विषयाच्या मानाने त्याचा उगम केवढा मोठा आहे यावर ठरतं. दुपारी बाराचं ऊन शंभर टक्के नैसर्गिक असतं आणि तरी त्यात फूल भाजल्यासारखं दिसतं.

काळ्या पार्श्वभूमीची तक्रार मात्र खरी आहे. कोळी पडद्यापासून 15 सेंटिमीटरवर आणि मागचं पान 60 वर असेल, तर अंतर चौपट म्हणून पानावर प्रकाश सोळावा हिस्सा पडतो. भर दिवसा काढलेला फोटो रात्रीचा वाटतो. उपाय दोन: आयएसओ 800 पर्यंत चढवून शटर 1/60 ला आणायचं, म्हणजे मागचा हिरवा रंग थोडा जिवंत होतो; किंवा मुळात ज्याच्या मागे लगेच दुसरं पान आहे असा विषय निवडायचा. मी दुसरा जास्त वापरतो. पहिल्यात वारा असेल तर कडेला भुतासारखी पुसट दुहेरी रेघ येते.

फुलांसाठी फ्लॅश जवळजवळ बंदच ठेवतो. सप्टेंबरात कासला ढग असताना तेरड्याच्या पाकळीतून जो प्रकाश आरपार येतो, तो समोरून फ्लॅश टाकला की मरतो आणि गुलाबी पत्रा उरतो. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीचे चिकट थेंब तर मागून येणाऱ्या कोवळ्या उन्हातच चमकतात. सावलीच्या बाजूला पांढरा कागद धरला की पुरतं. अपवाद सीतेच्या आसवांचा. ते इवलं निळं फूल पठारावरच्या वाऱ्यात क्षणभर स्थिर राहत नाही, तेव्हा 1/64 वर हलकासा फ्लॅश देतो. (आणि कृपा करून फोटोसाठी फुलांवर पालथे झोपू नका. पाऊलवाटेच्या कडेलाही पुष्कळ फुलं असतात.)

आंबोलीत रात्री गोष्ट वेगळी. तिथे फ्लॅशला पर्यायच नाही, आणि बेडकाच्या ओल्या कातडीवर डिफ्यूजरची खरी परीक्षा होते; लहान पडदा असेल तर अंगभर पांढरे ठिपके येतात. पण एका बेडकाचे दोन-चार फ्रेम झाले की मी निघतो. आंबोली टोड, ज्याचं शास्त्रीय वर्णन 2009 मध्येच झालं आणि जो अतिसंकटग्रस्त यादीत आहे, त्याच्या जोडीवर दहा जणांनी रांगेने फ्लॅश मारणं मला बघवत नाही. फोकससाठीचा टॉर्चही मंद ठेवावा. फ्रिजमध्ये थंड करून किडे 'स्थिर' करणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.

हिवाळ्यात फ्लॅश बरेचदा पिशवीतच राहिला. डिसेंबरात पहाटे टाचण्या (चतुरासारखे बारीक कीटक) गवतावर दवाने भिजून गारठलेल्या असतात, ऊन लागेपर्यंत उडत नाहीत. वारा पडलेला, ट्रायपॉड लावलेला, दोन सेकंदांचा टायमर. मग 1/8 शटरही चालतं. त्या दवावर प्रकाशाचा जो मोत्यासारखा उतार कॅमेऱ्यात येतो तो माझ्या फोमशीटला जमलेला नाही.

त्रास सांगायचे तर: पुढे वजन येतं आणि तासाभरात मनगट दुखतं. पावसात फोमशीट ओली होऊन लोंबते, एक जादा जवळ ठेवा. हॉट-शूचे (कॅमेऱ्यावर फ्लॅश बसतो त्या खाचेचे) संपर्क दमट हवेत कुरकुर करतात, कोरड्या कापडाने पुसले की चालतात. साध्या सेलऐवजी रिचार्जेबल घ्या. कमी पॉवरवर एक संच दिवसभर सहज पुरतो.

टीटीएलवाला घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. लग्नसमारंभही काढत असाल तर जरूर घ्या. फक्त मॅक्रोसाठी मला त्याची उणीव भासली नाही. टीटीएलचा मीटर काळ्या भुंग्याला उजळ करतो आणि पांढऱ्या पतंगाला मळकट. इथे अंतर जवळपास ठरलेलं असतं, त्यामुळे सकाळी एकदा 1/16 की 1/32 ते जुळवलं की पुढे फ्लॅशच्या पॉवरच्या चाकाला हात लावावा लागत नाही.